एमजीबीसाठी बदली इंजिन निवडताना

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सिलिंडर ब्लॉकच्या उजव्या बाजूला एक छोटी पत्र्याची पट्टी रिव्हेट मारून बसवलेली असते आणि तिच्यावर इंजिनाचा क्रमांक असतो. बदली इंजिनाची शोधाशोध सुरू करण्यापूर्वी एक चिंधी आणि थोडे रॉकेल घेऊन ही पट्टी स्वच्छ करावी व तिच्यावरचे प्रत्येक अक्षर वहीत उतरवून घ्यावे. माझी गाडी १९७१ची, उघड्या टपाची. मध्य इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थाकडून ती घेतली तेव्हा नोंदणीपत्रावर ‘१८जीजी’ने सुरू होणारा क्रमांक होता, आणि मी ती दोन वर्षे ‘मूळ इंजिनाची गाडी’ म्हणून अभिमानाने मिरवली. इंजिनाचे काम निघाले तेव्हा कुठे मी ती पट्टी पुसली. तिच्यावर ‘४८जी’ असे होते. ‘४८जी’ म्हणजे कंपनीने ‘गोल्ड सील’ या नावाने विकलेले, कारखान्यात नव्याने बांधलेले बदली इंजिन. म्हणजे माझ्या गाडीचे मूळ इंजिन कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वीच काढून टाकले होते आणि ते कुणी नोंदवलेही नव्हते. त्या एका पट्टीमुळे माझे पुढचे सगळे निर्णय बदलले, कारण जे जपायचे होते ते शिल्लकच राहिले नव्हते.

ज्यांना आपली गाडी कारखान्यातून कोणत्या इंजिनासह बाहेर पडली हे खात्रीने जाणून घ्यायचे असेल, त्यांनी गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मागवावे. कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मूळ इंजिन क्रमांक त्यात दिलेला असतो. मूळ क्रमांकाचे इंजिन अजून गाडीत असेल, तर ते कितीही दमलेले असले तरी विकू नये आणि ‘जुने द्या, नवे घ्या’ अशा एक्सचेंजच्या व्यवहारात तर मुळीच देऊ नये. दुसरे बसवायचेच असेल तर मूळ इंजिन तेल घालून, भोके बुजवून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवावे. एक्सचेंजमध्ये गेलेला ब्लॉक पुन्हा हाती येत नाही आणि गाडी विकण्याची वेळ आली म्हणजे त्याची किंमत कळते.

घराणे आणि त्याच्या शाखा

एमजीबीचे उत्पादन इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात झाले. तिच्या चार सिलिंडरच्या सर्व गाड्यांत बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) ‘बी-सिरीज’ इंजिन होते. ते १७९८ सीसीचे, ८०.२६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८८.९ मिमी स्ट्रोकचे (पिस्टनची खालीवर धाव), ओतीव लोखंडाचे, पुशरॉडवर चालणारे आहे. मराठी वाचकाला हे घराणे अनोळखी नाही. हिंदुस्थान अॅम्बेसेडरमध्ये तीन दशकांहून अधिक काळ जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन धावले, ते याच घराण्यातले धाकटे भावंड, आणि त्याचा स्ट्रोकही तोच, ८८.९ मिमी. कोल्हापूरला माझ्या वडिलांच्या अॅम्बेसेडरचे बॉनेट उघडले की एका बाजूला कार्बोरेटर व एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि दुसऱ्या बाजूला डिस्ट्रिब्युटर अशी जी मांडणी दिसे, तीच इथे एमजीबीच्या बॉनेटखाली पाहिली तेव्हा मला क्षणभर आमच्या अंगणात उभे असल्यासारखे वाटले. अॅम्बेसेडरच्या इंजिनावर ज्यांनी हात काळे केले आहेत, त्यांना हे इंजिन खोलताना शिकण्यासारखे थोडेच उरते. मात्र अॅम्बेसेडरचे इंजिन एमजीबीत बसेल का, असे मला दोनदा विचारण्यात आले आहे म्हणून सांगतो: खटपट केली तर बसेल, पण तीनशे सीसी आणि बरीचशी ताकद घालवून हाती काही येणार नाही.

एकाच घराण्यातले असले तरी एमजीबीचे एक इंजिन दुसऱ्या एमजीबीत थेट बसेल असे गृहीत धरू नये. फसगत होते ती नेमकी इथेच. अठरा वर्षांत या इंजिनात अनेक बदल झाले, पण निवडीच्या दृष्टीने तीन वळणे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पहिले वळण १९६४च्या ऑक्टोबरचे. त्यापूर्वीच्या १८जी आणि १८जीए या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार होता. १८जीबीपासून तो पाच बेअरिंगांचा झाला. पाच बेअरिंगांचे इंजिन वरच्या फेऱ्यांना अधिक शांत चालते व अधिक टिकते, हे खरे आहे. तीन बेअरिंगांचे इंजिन किंचित मोकळे, चपळ फिरते असे म्हणणारे शौकीनही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु १९६३च्या गाडीत नंतरचे इंजिन बसवणाऱ्याला एक छोटी अडचण हमखास येते. त्या गाडीचा रेव्ह काउंटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारे घड्याळ) इंजिनातून निघालेल्या केबलवर चालतो आणि पाच बेअरिंगांच्या इंजिनात ती केबल जोडण्याची सोयच नसते. इंजिन गाडीत बसते, सुरू होते आणि डॅशबोर्डवरचा काटा शून्यावर निश्चल राहतो.

दुसरे वळण १९६७च्या अखेरचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. त्या वेळी पहिल्या गिअरसह सर्व गिअरांना सिंक्रोमेश (गिअर न करकरता बसवणारी रचना) असलेला नवा गिअरबॉक्स आला आणि त्याच्याबरोबर इंजिनाची मागची प्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टर मोटर हे सगळेच बदलले. जुन्या गिअरबॉक्सच्या गाडीत १९६७नंतरचे इंजिन बसवायचे असेल, तर आपल्या जुन्या इंजिनाची मागची प्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टर सांभाळून ठेवावे लागतात. शिवाय क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारे जे छोटे पितळी बुश असते, तेही मापाला जुळवून घ्यावे लागते. हे बुश अंगठ्याएवढेही नसते. ते जुळले नाही, तर इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांत बसता बसत नाहीत. आणि जोर लावून बसवले तर शाफ्ट अडकतो, क्लच दाबला तरी गाडी पुढे सरकू पाहते, व सगळे पुन्हा उतरवावे लागते. याच सुमारास विजेच्या व्यवस्थेतही बदल झाला. जुन्या गाड्यांत डायनॅमो होता आणि बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली होती. नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर आला आणि ऋण बाजू बॉडीला जोडली गेली. नंतरचे इंजिन अल्टरनेटरसकट मिळाले म्हणून ते तसेच जुन्या वायरिंगला जोडणे म्हणजे अल्टरनेटर जाळून घेणे होय.

तिसरे वळण १९७४च्या अखेरचे. अमेरिकेच्या नियमांसाठी क्रोमचे बंपर जाऊन काळ्या रबराचे जाडजूड बंपर आले आणि त्या गाड्यांत इंजिनाच्या माउंटिंगची जागा व पद्धत बदलली. क्रोम बंपरच्या गाडीसाठी रबर बंपरचे इंजिन घेताना माउंटिंगचे ब्रॅकेट आणि इंजिनाची पुढची प्लेट आपल्या गाडीची वापरावी लागेल का, हे मोजमाप करून आधीच ठरवावे.

क्रमांकातली अक्षरेही बोलतात. १८ हा आकडा सुमारे १८०० सीसीचा. ‘यू’ म्हणजे मधला गिअर दांडा, ‘आरयू’ म्हणजे ओव्हरड्राइव्हसह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारी जास्तीची जोड), आणि शेवटी ‘एच’ असल्यास जास्त कॉम्प्रेशन, ‘एल’ असल्यास कमी. १९७१नंतर १८व्ही ही मालिका आली, तिच्यापुढचे तीन आकडे व अक्षरे कोणत्या बाजारपेठेसाठी व कोणत्या रचनेचे इंजिन आहे ते सांगतात. एमजीबीच्या उत्पादनाचा फार मोठा भाग उत्तर अमेरिकेत गेला आणि तिथून परत आलेल्या गाड्यांची इंजिने इथे पुष्कळ विकायला येतात. त्यांच्याकडे जपून पाहावे. १९७५पासून अमेरिकेत गेलेल्या गाड्यांत कमी कॉम्प्रेशन आणि दोन एसयू कार्बोरेटरांच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर होता. प्रदूषणाच्या नियमांपायी ती इंजिने अगदी गळपटली होती. ब्लॉक आणि क्रँक चांगले असतील तर असे इंजिन घेण्यास हरकत नाही, पण पिस्टन, हेड व कार्बोरेटर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावावी.

बदलायचे की बांधायचे

आता खरा प्रश्न. इंजिन धूर मारते, तेल खाते, चढावर हाफते, एवढ्यावरून ते बदलण्याइतके गेले असे ठरवू नये. निळा धूर कित्येकदा व्हॉल्व्हच्या गाइडमधून झिरपणाऱ्या तेलाचा असतो आणि त्याला हेडचे काम पुरते. गाडी पंधरावीस मैल चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइल प्रेशरचा काटा पाहावा. धावताना ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ पौंड हे या गाडीसाठी निरोगी समजले जाते. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा नेमका किती यापेक्षा चौघांत फरक किती याला महत्त्व आहे, आणि एखादा इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, चढला नाही तर व्हॉल्व्ह अथवा गॅस्केटचा. इंजिनाच्या खालच्या भागातून जड, खोल ठोका ऐकू येत असेल, तर मात्र गाडी चालवणे त्याच दिवशी थांबवावे, कारण आज क्रँक ग्राइंड करून भागेल ते उद्या क्रँक बदलण्यावर जाईल.

माझे मत असे, की ब्लॉक फुटलेला नसेल आणि बोअर आधीच शेवटच्या मापापर्यंत गेलेला नसेल, तर आहे तेच इंजिन बांधून घेणे हा जवळजवळ नेहमीच शहाणपणाचा मार्ग ठरतो. बी-सिरीजचा ब्लॉक जाड भिंतींचा आहे. तो इंचाच्या २०, ३०, ४० आणि ६० हजारांशांपर्यंत वाढीव मापाच्या पिस्टनांसाठी बोअर करता येतो. ६० हजारांशाला क्षमता सुमारे १८६८ सीसी होते आणि त्या सत्तरएक सीसींचा फायदा खालच्या फेऱ्यांना स्पष्ट जाणवतो. क्रँकही दहा दहा हजारांशांच्या टप्प्यांनी ग्राइंड होतो व त्या मापाची बेअरिंगे सहज मिळतात. स्वतःचे इंजिन बांधण्यात गाडी दोनतीन महिने उभी राहते, मशीन शॉपवाल्याच्या मागे लागावे लागते, पण आत काय आहे हे मालकाला नक्की ठाऊक असते.

ज्यांना थांबणे शक्य नाही, त्यांच्यासाठी एक्सचेंजचे तयार इंजिन आहे. आपल्याकडे गॅरेजांत ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात तशा रूपात, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन व कॅमशाफ्टसह पण हेडशिवाय, किंवा हेडसकट पूर्ण, अशा दोन्ही प्रकारे ते मिळते. हाफ इंजिन स्वस्त पडते. तरी दमलेले हेड नव्या खालच्या भागावर बसवून कॉम्प्रेशन वाढले की जुने व्हॉल्व्ह आणि गाइड लवकरच मान टाकतात, म्हणून हेडचे काम त्याच वेळी उरकावे. विक्रेता जुन्या इंजिनापोटी अनामत रक्कम ठेवून घेतो आणि आपला ब्लॉक तडकलेला वा शेवटच्या मापाला गेलेला निघाला, तर ती परत करत नाही. ही अट व्यवहारापूर्वी लेखी घ्यावी. इंजिन कोणत्या मापाला बोअर केले, क्रँक किती ग्राइंड केला, कॅमशाफ्ट व टॅपेट नवे आहेत का, ऑइल पंप नवा आहे का आणि हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी कडक सीट बसवल्या आहेत का, या पाच प्रश्नांची उत्तरे बिलावर लिहून देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

कडक सीटांचा मुद्दा पुष्कळजण हसण्यावारी नेतात. जुन्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या सीटांना संरक्षण देत असे. ब्रिटनमध्ये शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९च्या अखेरीस संपली, आणि तेव्हापासून मूळ लोखंडी सीटांवर महामार्गाचा लांब प्रवास वारंवार केला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. रविवारी वीस मैल फिरणाऱ्याला याची झळ लागायला वर्षे लागतील. तरीही हेड उतरवलेच आहे, तर हे काम न करण्यात काटकसर नाही.

जुने इंजिन विकत घेताना

दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेले इंजिन घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आणि सर्वांत निसरडा. यात मी स्वतः एकदा घसरलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका विक्रेत्याने मला ‘नुकतेच बांधलेले, क्रँक २० हजारांश ग्राइंड केलेला’ असे सांगून १८व्ही मालिकेतले एक इंजिन दाखवले. ब्लॉकला गर्द तांबडा रंग नुकताच दिलेला होता, रॉकर कव्हर चकाकत होते. मी पैसे दिले, इंजिन घरी आणले आणि नंतर, केवळ मनाच्या समाधानासाठी, ते उलटे करून तेलाचे चेंबर काढले. तळाशी करवंटीच्या आतल्या खोबऱ्याएवढा जाड काळा गाळ होता. एका मोठ्या बेअरिंगची टोपी सोडवली. शेलची, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पातळ वाटीची, आतली बाजू राखाडी असायला हवी. ती मधोमध तांबूस झाली होती, म्हणजे वरचा थर झिजून खालचा तांब्याचा थर उघडा पडला होता. मग मी शेल उलटा करून त्याची पाठ उजेडात धरली. शेलच्या पाठीवर त्याचे माप ठोकलेले असते. २० हजारांश ग्राइंड केलेल्या क्रँकचे शेल असते तर तिथे ०२० दिसले असते. तिथे ‘एसटीडी’ असे होते, म्हणजे मूळ, कधीही न बदललेले माप. रंग इंजिनाला दिला होता, काम कशालाच केलेले नव्हते. विक्रेत्याने पुढे फोन उचलला नाही.

त्या दिवसापासून मी चेंबर काढू न देणाऱ्याकडून इंजिन घेत नाही. चेंबर काढायला वीस मिनिटे लागतात. एक मुख्य आणि एक मोठे बेअरिंग उघडून शेलची आतली बाजू व पाठ दोन्ही पाहावी. त्यानंतर क्रँक पुढेमागे सरकवून पाहावा. मधल्या मुख्य बेअरिंगपाशी असलेल्या थ्रस्ट वॉशरमुळे ही हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच, साधारण ०.१० ते ०.१३ मिमी, असायला हवी. डायल गेज नसला तरी खटकन आवाज येऊन क्रँक डोळ्याला दिसेल इतका सरकत असेल, तर वॉशर झिजलेले किंवा गळून पडलेले आहेत असे समजावे, आणि तसे झाले असल्यास ब्लॉकच घासला गेला असण्याचा धोका असतो. हेड काढून दिले जात असेल तर बोअरच्या वरच्या काठाजवळ नख फिरवावे. रिंग जिथवर पोहोचते तिथे पायरी लागली, नख अडकले, तर इंजिन रिबोअरला आले आहे. डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या मागे टॅपेटची दोन झाकणे असतात. ती काढून कॅमशाफ्टच्या उंचवट्यांचे टोक पाहावे. ते गुळगुळीत हवे, खड्डे वा चपटेपणा नको.

हेडकडे वेगळ्याने पाहावे लागते. या हेडला पाचच पोर्ट आहेत आणि दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचा जळका वायू मधल्या एकाच एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो, त्यामुळे तो भाग सर्वांत जास्त तापतो व तडा जाण्याची शक्यता तिथेच अधिक. तडा केसासारखा असतो आणि काजळीखाली दिसत नाही, म्हणून मशीन शॉपमध्ये दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय जुन्या हेडवर पैसे खर्च करू नयेत. ब्लॉकच्या बाजूंनाही बॅटरीच्या उजेडात नीट पाहावे. इंग्लंडच्या हिवाळ्यात, अँटीफ्रीझशिवाय नुसते पाणी भरून ठेवलेले इंजिन एका रात्रीत फुटू शकते, आणि अशा तड्यावर पुट्टी भरून रंग दिलेला मी पाहिला आहे.

मॉरिस मरीना १.८ गाडीतून काढलेली इंजिनेही एमजीबीसाठी म्हणून विकली जातात. त्यांत कमीपणा काही नाही; ब्लॉक आणि क्रँक त्याच जातीचे आहेत. पण मागची प्लेट, चेंबर, माउंटिंग आणि कार्बोरेटरची व्यवस्था आपल्या जुन्या इंजिनावरून काढून मरीनाच्या इंजिनावर चढवावी लागेल असे धरूनच किंमत करावी. म्हणजेच जुने इंजिन हाती असतानाच हा व्यवहार परवडतो.

व्ही-८ आणि त्यापलीकडचे

अधिक ताकदीची ओढ लागलेल्यांसाठी कारखान्यानेच उत्तर दिले होते. १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही-८ ही बंद छताची गाडी निघाली. तिच्यात रोव्हरचे ३५२८ सीसीचे अॅल्युमिनियमचे इंजिन होते आणि ते १३७ अश्वशक्ती देत असे. अशा एकूण २,५९१ गाड्या बनल्या. हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचे. रोव्हरने त्याचे हक्क घेतले. ते अॅल्युमिनियमचे असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही त्याचे वजन आपल्या लोखंडी चार सिलिंडरवाल्याच्या आसपासच भरते. याउलट १९६७ ते १९६९च्या एमजीसीमध्ये घातलेल्या २९१२ सीसीच्या लोखंडी सहा सिलिंडरने गाडीचे नाक जड केले होते. एक गंमत सांगण्यासारखी आहे. बी-सिरीजचा स्ट्रोक ८८.९ मिमी, आणि या व्ही-८चा बोअरही ८८.९ मिमीच, दोन्ही नेमके साडेतीन इंच. यात उपयोगाचे काहीच नाही, पण मशीन शॉपमध्ये चहा पिताना बोलायला बरे पडते.

व्ही-८ बसवायचे तर रबर बंपरची गाडी अधिक सोयीची, कारण त्या काळी सर्वच गाड्यांच्या इंजिनाच्या जागेत व्ही-८च्या गरजेचे पुष्कळसे बदल झालेले होते. परंतु इंजिनाबरोबर मजबूत गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर, चांगले ब्रेक आणि मागच्या धुऱ्याचे वेगळे गुणोत्तर हे सारे आलेच. चार सिलिंडरच्या गाडीचे गुणोत्तर ३.९०९ आहे आणि कारखान्याच्या व्ही-८चे ३.०७. ते बदलले नाही, तर महामार्गावर इंजिन विनाकारण ओरडत राहते. नवीन काळातली, माझदा एमएक्स-५ किंवा फोर्ड यांची सोळा व्हॉल्व्हची इंजिनेही लोक बसवतात. ती हलकी, किफायती आणि विश्वासू आहेत. मला ती एमजीबीत रुचत नाहीत, हा माझा हट्ट. पण रोज साठ मैल कामावर जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने तसे केले आहे आणि त्याला दोष द्यायला माझी जीभ धजावत नाही.

कागदपत्रे

ब्रिटनमध्ये इंजिन बदलल्यावर डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला कळवणे बंधनकारक आहे. नवा क्रमांक, आणि क्षमता वा सिलिंडरांची संख्या बदलली असेल तर तेही, पुराव्यासह कळवावे लागते. म्हणून इंजिनाचे बिल, त्यावर क्रमांक नोंदवून, जपून ठेवावे. विमा कंपनीलाही कळवावे. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून २०१८च्या मे महिन्यापासून सूट मिळाली आहे, मात्र गेल्या तीस वर्षांत गाडीत ‘भरीव बदल’ झालेला नसावा ही त्यातली अट आहे. त्याच मूळ इंजिनाची वेगळी क्षमता अथवा कारखान्यानेच त्या गाडीत दिलेले पर्यायी इंजिन हा भरीव बदल मानला जात नाही. सिलिंडरांची संख्या बदलली, तर तो तसा मानला जाण्याची शक्यता मोठी असते. ६० हजारांश बोअर केलेले बी-सिरीज आणि सोळा व्हॉल्व्हचे फोर्ड यांच्यातला हा कागदावरचा फरक पुष्कळांच्या लक्षात उशिरा येतो.

पुण्यामुंबईत जुनी एमजी बाळगणाऱ्यांना नियम वेगळे आहेत. भारतात इंजिनाचा क्रमांक आरसी बुकवर असतो आणि इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची परवानगी लागते. २०२१च्या जुलैत आलेल्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, पण तिच्या चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. असा क्रमांक हवा असणाऱ्याने त्याच जातीच्या इंजिनापलीकडे जाऊ नये.

बसवताना व पहिल्यांदा सुरू करताना

इंजिन दीडशे किलोच्या पुढे भरते, तेव्हा भाड्याने आणलेली क्रेन आणि एक सोबती, हे दोन्ही हवेत. गाडीतून इंजिन निघालेले असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि ग्राफाइटचे रिलीज बेअरिंग नवे घालावे; हे बेअरिंग स्वस्त आहे आणि पुन्हा तिथवर हात पोहोचायला संपूर्ण इंजिन काढावे लागते. जुने इंजिन बेअरिंग जाऊन बंद पडले असेल, तर ऑइल कूलर धुऊन वापरण्याचा मोह टाळावा. त्याच्या पातळ नळ्यांत बेअरिंगची धातूची कुसळे अडकून बसतात, कितीही पेट्रोल ओतले तरी सगळी निघत नाहीत आणि नव्या इंजिनाच्या पहिल्याच तासात ती नव्या बेअरिंगांत जाऊन रुततात. कूलर नवा घ्यावा. पेट्रोलच्या रबरी नळ्याही याच वेळी बदलाव्यात, कारण २०२१च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये नेहमीचे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले) झाले आहे आणि त्यातले इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते. मी माझ्या गाडीत ई५चे महाग पेट्रोलच घालतो.

कॅमशाफ्ट नवा असेल तर पहिली वीस मिनिटे सर्वांत नाजूक. कॅमच्या उंचवट्यांना आणि टॅपेटच्या तळांना बसवतानाच असेंब्लीचा वंगणलेप लावावा, जस्ताचे प्रमाण चांगले असलेले २०डब्ल्यू-५० तेल भरावे, मग चारही स्पार्क प्लग काढून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवावे. काटा उठल्यावरच प्लग बसवून इंजिन सुरू करावे व लगेच फेऱ्या दोन हजारांच्या आसपास नेऊन वीस मिनिटे तिथेच, थोड्या खालीवर, ठेवाव्यात. आयडलवर सोडू नये, कारण या इंजिनात कॅम आणि टॅपेट यांच्या संपर्काच्या जागी तेल पोहोचते ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि आयडलला ते पुरेसे उडत नाही. म्हणूनच टायमिंग आणि पाण्याची गळती आधीच तपासून ठेवावी, जेणेकरून मध्येच थांबावे लागणार नाही. माझ्या गाडीच्या वेळी अकराव्या मिनिटाला रेडिएटरच्या खालच्या नळीतून पाणी ठिबकू लागले, आणि एका हाताने ॲक्सिलरेटरची केबल धरून दुसऱ्या हाताने क्लिप आवळताना शेजारच्या आजोबांना हाक मारावी लागली.

इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळावेत आणि टॅपेटची फट ०.०१५ इंचाच्या फीलर गेजने तपासावी. पाचशे मैलांनंतर तेल आणि फिल्टर बदलावे. ते पहिले काढलेले तेल थेट डब्यात न ओतता पांढऱ्या कापडातून गाळून पाहावे: बारीक राखाडी चकाकी दिसली तर ती नव्या रिंगांची, चालेल; तांबूस कण दिसले तर चेंबर पुन्हा उघडावे.